आपल्याच खात्यातले १४ लाख रोख काढायचे आहेत, बँक अडवू शकते का?

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका गृहस्थांनी प्रश्न विचारला आहे. त्यांनी जिरायत जमिनीचा एक तुकडा विकला. खरेदीदाराने पैसे आरटीजीएसने दिले आणि आता बचत खात्यात २३ लाख आहेत. मार्चमध्ये मुलीचं लग्न आहे, घराच्या वरच्या मजल्याचं काम चालू आहे आणि मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने परत करायचे आहेत. त्यासाठी १४ लाख रोख काढायला ते शाखेत गेले. कॅशियर म्हणाला, "आज एवढी कॅश नाही, दोन दिवसांनी या." शाखेच्या साहेबांनी विचारलं, "एवढे कशाला हवेत?" त्याचा त्यांना राग आला आहे. पैसे माझे, मग विचारणारे हे कोण? रोज दोन-दोन लाख काढले तर चालेल का? आयकरवाल्यांची नोटीस येईल का? की सगळेच २३ लाख काढून घरी आणून ठेवू?

मी राष्ट्रीयीकृत बँकेत कॅशियर म्हणून लागलो, पुढे हेड कॅशियर झालो आणि शेवटची वर्षं ग्रामीण आणि निमशहरी शाखांचा शाखाधिकारी होतो. हा प्रश्न काउंटरच्या दोन्ही बाजूंनी अनेकदा ऐकला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. करांचे आकडे, कलमं आणि पॅनचे नियम २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे, म्हणजे तेव्हाच्या आयकर कायद्याप्रमाणे आहेत.

तुमची सगळी काळजी पैसे बँकेतून बाहेर कसे निघतील याची आहे. तो भाग अवघड नाही. दोन-तीन दिवसांत तुम्हाला पैसे मिळतील, आणि नुसते काढले म्हणून कर लागणार नाही. ते पैसे तुमच्या हातातून ज्याच्या हातात जातील तिथे खरी अडचण आहे. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकलं ते मेव्हण्याचं वाक्य, आणि ते तुम्ही जाता जाता लिहिलंय. त्याबद्दल पुढे लिहितो, आधी बँकेचं बघू.

कायद्याच्या भाषेत खात्यातल्या पैशाच्या बाबतीत बँक तुमची ऋणको, म्हणजे देणेकरी असते आणि तुम्ही धनको, म्हणजे येणेकरी. खात्यात पुरेशी शिल्लक असताना रीतसर चेक आला तर बँकेने तो वटवलाच पाहिजे. विनाकारण वटवला नाही आणि त्यातून तुमचं नुकसान झालं, तर ते भरून देण्याची जबाबदारी चेक आणि हुंडीविषयीच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम ३१ ने बँकेवर टाकली आहे. बचत खात्यातून आपल्याच शाखेत स्वतः जाऊन अमुक रकमेपेक्षा जास्त रोख काढता येणार नाही, असा कुठलाही सरसकट कायदा नाही. एटीएमला रोजची मर्यादा असते. दुसऱ्या शाखेतून काढायला किंवा तुमचा चेक घेऊन दुसरा माणूस आला तर प्रत्येक बँकेची वेगळी मर्यादा असते. आपली शाखा, आपण स्वतः आणि सेल्फचा चेक एवढं असेल तर या मर्यादा आड येत नाहीत.

मग कॅशियर "नाही" का म्हणाला? तो बहुतेक खरंच बोलत होता. प्रत्येक शाखेला रात्री तिजोरीत किती रोकड ठेवायची याची मर्यादा ठरवून दिलेली असते आणि विमाही तेवढ्याच रकमेचा असतो. त्याहून जास्त झालेली रोकड करन्सी चेस्टला, म्हणजे बँकेच्या रोकड-भांडाराला, किंवा मोठ्या शाखेला पाठवावी लागते. तालुक्याच्या मध्यम शाखेत सकाळी तिजोरी उघडली की जी रोकड असते, तिच्यावर दिवसभराचं सगळं भागवायचं असतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनर रांगेत उभे असतात. कारखान्याचं ऊसबिल जमा झालं की दोन दिवस शाखेत पाय ठेवायला जागा नसते, आणि शिवाय एटीएम भरायचं असतं. अशा दिवशी एकाच माणसाला १४ लाख दिले तर दुपारनंतर पाच-दहा हजारांसाठी आलेल्या बाईला परत पाठवावं लागतं. मी हेड कॅशियर असताना हा हिशेब रोज सकाळी करत असे. मोठी रक्कम हवी असलेला ग्राहक आदल्या दिवशी सांगून गेला तर चेस्टकडे मागणी टाकता येते. न सांगता आला तर चांगल्या संबंधांचा ग्राहक असूनही हात वर करावे लागतात.

म्हणून पहिलं काम सोपं आहे. दोन दिवस आधी शाखेत जाऊन तारीख, रक्कम आणि कुठल्या नोटा हव्यात हे साध्या कागदावर लिहून द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी सांगितलेलं गर्दीत विसरलं जातं, कागद टेबलावर राहतो. सोमवार, लागून आलेल्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस आणि महिन्याच्या पहिल्या पाच तारखा टाळा. २,००० ची नोट रिझर्व्ह बँकेने १९ मे २०२३ ला चलनातून मागे घ्यायचं जाहीर केल्यापासून सगळ्यात मोठी नोट ५०० ची उरली आहे, त्यामुळे पूर्वीपेक्षा रोकडीचा पसारा वाढला आहे. मजुरीसाठी १०० आणि २०० च्या नोटा हव्या असतील तर तेही त्याच कागदावर लिहा, कारण सुट्या नोटांची टंचाई मोठ्या नोटांपेक्षा जास्त असते.

आता साहेबांच्या प्रश्नाकडे येऊ. "कशाला हवेत" या दोन शब्दांनी माणूस दुखावतो, हे मला माहीत आहे, आणि विचारण्याची पद्धत वाईट असली तर अजूनच. पण विचारण्यामागे दोन कारणं आहेत.

पहिलं कारण मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा. १० लाखांच्या वरच्या प्रत्येक रोख व्यवहाराची माहिती बँकेला दर महिन्याला केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला पाठवावी लागते. ती संगणकातून जाते, त्यात शाखाधिकाऱ्याच्या मर्जीचा भाग नाही. ही माहिती गेली म्हणजे तुमच्यावर संशय आला, असं नाही. देशभरातले असे असंख्य व्यवहार त्यात असतात. मात्र खातेदाराच्या नेहमीच्या वागण्याशी न जुळणारा व्यवहार असेल तर त्याचा हेतू समजून घेणं बँकेचं काम आहे. तुमच्या खात्यात आजवर दूधबिल आणि ऊसबिल येत असेल आणि एकदम २३ लाख येऊन १४ लाख रोख निघाले, तर कुणीही विचारेल. "जमीन विकली, मुलीचं लग्न आहे, घराचं काम चालू आहे" एवढं खरं उत्तर पुरे आहे. खरेदीखताची झेरॉक्स आणि लग्नपत्रिका सोबत असेल तर बोलणं दोन मिनिटांत संपतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गेल्या दोन-तीन वर्षांत 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली किती तरी निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी गेली. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या गणवेशातला माणूस दिसतो, सीबीआय किंवा ईडीचं नाव सांगतो, "कुणाला काही बोलायचं नाही, बँकेत विचारलं तर घरच्या कामासाठी हवेत म्हणून सांगा" असं पढवतो. भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. अशा माणसाला थांबवण्याची शेवटची जागा म्हणजे बँकेचा काउंटर. ठेव मोडायला किंवा मोठी रक्कम काढायला आलेल्या वयस्कर माणसाचा हात थरथरत असेल, फोन खिशात चालू असेल, डोळे सारखे दाराकडे जात असतील, तर त्याला केबिनमध्ये बसवून पाणी द्यायचं आणि विचारायचं, हे मी माझ्या शाखेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्यात कुणाला वाईट वाटलं तरी चालेल. तुमच्या शाखाधिकाऱ्याने विचारलं ते याच सवयीतून विचारलं असण्याची शक्यता जास्त आहे. असा फोन कुणाला आलाच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच कळवावं.

एक मर्यादाही सांगतो. शाखाधिकारी विचारू शकतो, कागद मागू शकतो, समजावू शकतो. पण खात्यावर कोर्टाचा, आयकराचा किंवा पोलिसांचा पैसे रोखून धरण्याचा आदेश नसताना, केवायसी पूर्ण असताना आणि सही जुळत असताना "मला पटलं नाही म्हणून देत नाही" असं तो म्हणू शकत नाही. "त्याऐवजी आमची विमा पॉलिसी घ्या, म्हणजे लवकर देतो" असं तर मुळीच नाही. असं झालं तर लेखी कारण मागा. बँकेकडे लेखी तक्रार करा आणि ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. ती तक्रार ऑनलाइन आणि विनाशुल्क करता येते आणि चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. माझा अनुभव असा की लेखी कारण मागितलं की बहुतेक प्रकरणं त्याच दुपारी मिटतात.

आता रोज दोन-दोन लाख काढण्याबद्दल. हा सल्ला गावागावांत फिरतो आणि तो चुकीचा आहे. एकाच महिन्यात एकमेकांशी जोडलेले छोटे रोख व्यवहार मिळून १० लाखांच्या वर गेले तर तेही त्याच माहितीत धरले जातात. शिवाय सलग सात दिवस येऊन दोन-दोन लाख नेणारा खातेदार संगणकाला एकदम १४ लाख नेणाऱ्यापेक्षा जास्त विचित्र दिसतो. तुमच्याकडे लपवण्यासारखं काही नसताना लपवल्यासारखं दिसेल असं वागू नका. गरज टप्प्याटप्प्याने असेल, म्हणजे या आठवड्यात गवंड्याची मजुरी आणि महिन्याने आचाऱ्याचे पैसे, तर टप्प्याटप्प्याने काढणं अगदी योग्य आहे आणि सुरक्षितही. फक्त दाखवण्यासाठी तुकडे पाडू नका.

कराचं म्हणाल तर आपल्या खात्यातून पैसे काढणं हे उत्पन्न नाही, त्यावर आयकर नाही. मात्र आयकर कायद्याच्या कलम १९४एन खाली काही मर्यादेच्या वर बँक टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला कर, कापते. साधारण माणसाला ही मर्यादा एका आर्थिक वर्षात एका बँकेतल्या सगळ्या खात्यांची मिळून १ कोटी आहे आणि वरच्या रकमेवर २ टक्के. पण ज्याने मागच्या तिन्ही वर्षांचं रिटर्न भरलेलं नाही, त्याला १ जुलै २०२० पासून मर्यादा २० लाखांवर आली आहे. २० लाखांच्या वर १ कोटीपर्यंत २ टक्के आणि त्याच्या वर ५ टक्के. तुम्ही लिहिलंय की शेतीचंच उत्पन्न असल्याने रिटर्न कधी भरलं नाही, म्हणजे तुम्हाला २० लाखांची मर्यादा लागू आहे. १४ लाख काढलेत तर काही कापलं जाणार नाही. रागाच्या भरात सगळे २३ लाख याच वर्षात काढलेत तर वरच्या ३ लाखांवर २ टक्के, म्हणजे ६,००० रुपये कापले जातील. ते पैसे बुडत नाहीत, तुमच्या पॅनवर जमा राहतात, पण परत मिळवायला रिटर्न भरावं लागेल. वर्षभरात २० लाख किंवा त्याहून जास्त रोख काढायची असेल तर पॅन किंवा आधार क्रमांक देणंही मे २०२२ पासून सक्तीचं आहे.

नोटीस आलीच तर ती काढलेल्या पैशांबद्दल येण्याऐवजी जमिनीच्या व्यवहाराबद्दल येण्याची शक्यता जास्त. तिथे तुमची जमीन कुठे आहे यावर सगळं अवलंबून आहे. गावाकडची शेतजमीन भांडवली मालमत्ता धरत नाहीत, त्यामुळे विक्रीच्या नफ्यावर कर नाही. पण जवळच्या नगरपरिषदेची लोकसंख्या १०,००० ते १ लाख असेल तर तिच्या हद्दीपासून सरळ रेषेत २ किलोमीटरच्या आतली जमीन शहरी धरली जाते. १ लाख ते १० लाख वस्ती असेल तर हे अंतर ६ किलोमीटर, आणि त्याच्या वर ८ किलोमीटर. तुमचा तुकडा तालुक्याच्या गावालगत असेल तर हे आताच सीएला दाखवा. सातबारा, खरेदीखत आणि त्यावर्षीची पिकांची नोंद एका फाइलला लावून ठेवा.

इथवर बँकेचं झालं. दोन दिवस आधी लेखी कळवा, विचारलं तर खरं सांगा, तुकडे पाडू नका. १४ लाखांवर टीडीएसही नाही. आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसलो ते सांगतो.

तुम्ही दिलेली यादी अशी आहे: मंगल कार्यालय आणि जेवणाचे ३ लाख, सराफाकडे अडीच लाख, घराच्या कामाला ४ लाख, मेव्हण्याचे साडेतीन लाख आणि वरखर्चाला १ लाख. मी तुमच्यासमोर बसलो असतो तर या यादीतल्या एकेका नावापुढे एकच प्रश्न लिहिला असता: याला रोख घेण्याची कायद्याने मुभा आहे का?

मेव्हण्यापासून सुरुवात करू. २०,००० किंवा त्याहून जास्त कर्ज रोख घेणं आणि तेवढं कर्ज रोख परत करणं, या दोन्हीला आयकर कायद्यात मनाई आहे. घेण्याला कलम २६९एसएस आणि परत करण्याला कलम २६९टी. हातउसने, नातेवाईक, व्याज नाही, कागद नाही, यामुळे ते कर्ज नाही असं होत नाही. रोख परत केलंत तर दंड तुम्हाला, आणि दंड किती? जेवढी रक्कम तेवढाच. म्हणजे साडेतीन लाख फेडायचे आणि पुन्हा साडेतीन लाख दंड, अशी पाळी येऊ शकते. सबळ कारण दाखवलं तर दंडातून सुटका होण्याची तरतूद आहे. पण तुमच्या खात्यात २३ लाख आहेत आणि मेव्हण्याचंही खातं आहे, मग रोखच का दिले याला तुम्ही काय कारण दाखवणार? साडेतीन लाख चेकने किंवा आरटीजीएसने द्या. मेव्हणा म्हणेल, "आपल्यात कसला चेक, दाजी?" त्याला समजावून सांगा की यात अविश्वास नाही, उलट उद्या त्याच्याकडे कुणी विचारलं तर त्याच्याजवळही पुरावा राहील.

मंगल कार्यालयाचं वेगळं आहे. कलम २६९एसटी १ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एका व्यवहारासाठी, किंवा एकाच प्रसंगासाठी मिळून २ लाख किंवा जास्त रोख कुणीही घ्यायची नाही. बँकेतून तुम्ही काढता त्याला हे लागू नाही. कार्यालयवाल्याला मात्र आहे. एकाच प्रसंगासाठी हे शब्द नीट वाचा. लग्न हा एक प्रसंग. कार्यालयवाला म्हणाला की १ लाख आता, १ लाख महिन्याने, १ लाख लग्नाच्या दिवशी, तरी ते मिळून एकाच लग्नाचे ३ लाख होतात. यात दंड घेणाऱ्याला आहे, देणाऱ्याला नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण उद्या त्याच्याकडे तपासणी झाली तर त्याच्या वहीत तुमचं नाव सापडेल आणि जबाब द्यायला तुम्हालाही जावं लागेल. सराफाला हाच नियम आहे. अडीच लाखांचं सोनं एकाच खरेदीत घेऊन दोन बिलं करून देतो म्हणणाऱ्या सराफाकडे जाऊ नका. सोन्याचं पक्कं बिल आणि हॉलमार्क मुलीच्या भविष्यासाठी तुम्हाला हवाच आहे, तर पैसेही खात्यातून जाऊ द्या.

घराच्या ४ लाखांत सिमेंट, स्टील, विटा, फरशी, खिडक्या असा बराच भाग दुकानदाराला जाणारा आहे. तो एनईएफटीने द्या. एनईएफटी आणि आरटीजीएस आता चोवीस तास, रविवारीही चालतात, त्यामुळे मालाची गाडी दारात उभी असताना मोबाइलवरून पैसे जातात. रोख खरी लागते ती मजुरीला. गवंडी, सेंट्रिंगवाला, बिगारी यांना बाजाराच्या दिवशी हातात पैसे हवे असतात आणि ते बरोबरच आहे. त्यासाठी दीड लाख धरा, आणि तेही आठवड्या-आठवड्याला काढा. वहीत नाव, तारीख, रक्कम आणि सही असू द्या. व्यवसायाच्या खर्चाला एका माणसाला दिवसाला १०,००० च्या वर रोख दिली तर तो खर्च नामंजूर होतो, असा नियम तुम्ही ऐकला असेल. तो धंद्याच्या हिशेबाला आहे, स्वतःच्या राहत्या घराच्या बांधकामाला नाही.

उरला वरखर्च. वाजंत्री, फुलं, भटजी, मानपान, गाड्यांचं डिझेल, ऐनवेळचं सामान. इथे रोखीला पर्याय नाही आणि शोधायची गरजही नाही.

आता बेरीज करा. मजुरीचे दीड लाख, वरखर्चाचा १ लाख, कार्यालयाकडच्या किरकोळ देण्यांसाठी थोडे, म्हणजे सगळे मिळून ३ लाखांच्या आसपास. १४ लाखांची गरज ३ लाखांवर आली, आणि तीही दोन महिन्यांत विभागलेली. एवढ्यासाठी चेस्टकडून रोकड मागवायची गरज नाही, १० लाखांची माहिती पाठवायचा प्रश्न नाही आणि घरात रात्रभर जागं राहायला नको. माझ्याकडे १०-१५ लाखांची मागणी घेऊन येणाऱ्या खातेदारांशी असं कागद-पेन्सिल घेऊन बसलो की जवळजवळ दर वेळी आकडा असाच खाली येई.

सगळेच काढून घरी ठेवण्याच्या विचाराबद्दल. यामागे नुसता राग असेल तर तो सोडून द्या. पण काही जणांच्या मनात भीती असते आणि ती मी हलकी मानत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. मुंबईतल्या आणि राज्यातल्या किती तरी कुटुंबांची लग्नं आणि औषधपाणी त्यात अडकलं. आपल्याच पैशाला हात लावता येत नाही अशी वेळ खरोखर येते ती अशा निर्बंधांमुळे. त्याला उपाय घरातलं कपाट नाही. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका खातेदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंत आहे, फेब्रुवारी २०२० पासून. तुमचे पैसे एखाद्या छोट्या सहकारी बँकेत असतील तर ते दोन-तीन बँकांत विभागून ठेवा. राष्ट्रीयीकृत बँकेत असतील तर या कारणासाठी झोप घालवू नका.

रोकड घ्यायच्या दिवशी काय करावं, हे शाखेतून बघितलेलं सांगतो. शाखा उघडली की तासाभरात जा. चेक घरून कोरा न्या आणि काउंटरवर भरा. रस्त्यात सही केलेला सेल्फचा चेक पडला तर तो कुणाच्याही हातात रोकड आहे. ५०० च्या १०० नोटांचं पॅकेट म्हणजे ५०,०००, आणि अशा दहा पॅकेटांचं बंडल म्हणजे ५ लाख. पट्टीवर शिक्का आणि मोजणाऱ्याची सही असते, पण पट्टी बघून समाधान मानू नका. प्रत्येक पॅकेट मोजायच्या मशीनमधून तुमच्या डोळ्यांसमोर काढायला सांगा आणि आकड्याकडे स्वतः बघा. खिडकीपासून हललात की "एक नोट कमी आहे" या तक्रारीला अर्थ राहत नाही. रक्कम मोठी असेल तर केबिनमध्ये मोजून मागा, कुठलाही समजूतदार शाखाधिकारी नाही म्हणणार नाही.

शाखेबाहेर जास्त धोका असतो. रोकड काढणाऱ्यावर आतच कुणीतरी नजर ठेवून असतो आणि बाहेर दुसरा उभा असतो. "काका, तुमचे पैसे पडले," "अंगावर घाण पडली आहे" हे प्रकार आपल्याकडे जुने आहेत आणि अजूनही चालतात. वाकून खाली बघितलं की पिशवी गेली. मोटारसायकलच्या डिकीत रोकड ठेवून चहाला थांबलेल्या माणसांच्या तक्रारी घेऊन पोलीस फुटेज बघायला शाखेत येत, ते मी अनेकदा पाहिलं आहे. जोडीला भरवशाचं माणूस घ्या, चारचाकी घ्या, सरळ घरी जा. आणि काढायच्या तारखेची चर्चा गावात, पाहुण्यांत, फोनवर करू नका.

सोबत पासबुकाची त्या दिवशीची नोंद आणि चेकच्या अर्ध्या भागाचा फोटो ठेवा. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकांच्या वेळी नाक्यानाक्यावर भरारी पथकं होती आणि ५०,००० च्या वरची रोकड दिसली की विचारणा होत होती. तुमच्या लग्नसराईत आचारसंहिता लागली तर बँकेची नोंद आणि पत्रिका गाडीतच असू द्या. रक्कम जप्त झालीच तर पावती मागा आणि जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडे कागद घेऊन जा. निवडणुकीशी संबंध नसलेली रक्कम सोडवण्यासाठीच ती समिती असते.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण लग्नाच्या घरात तो येतोच. लग्नानंतर उरलेली रोकड आणि आहेराचे पैसे एकत्र करून तुमच्या खात्यात भरू नका. उरलेली रोकड तुमची, ती काढल्याची नोंद तुमच्या पासबुकात आहे, ती तुमच्या खात्यात भरा आणि शक्यतो महिन्या-दोन महिन्यांत भरा. काढल्यापासून परत भरण्यापर्यंत जितका काळ जाईल तितका खुलासा लांबतो. आहेर मात्र मुलीचा. स्वतःच्या लग्नात मिळालेल्या भेटींवर तिला आयकर नाही, पण ही सूट तिलाच आहे, आईवडिलांना नाही. म्हणून आहेराचे पैसे तिच्या खात्यात जमा करा. एका दिवशी ५०,००० च्या वर भरायचे असतील तर तिचा पॅन लागेल. आहेराची वही लिहिणाऱ्या मुलाला सांगा की नुसतं "पाटील, पुणे" असं न लिहिता पूर्ण नाव, गाव आणि रक्कम लिही. त्या वहीच्या पानांचे फोटो मुलीच्या मोबाइलमध्ये ठेवले की पैसे कुठून आले याचा पुरावा तिच्याजवळ कायम राहील.